फोर व्हील काढली तरी जीप वळणावर अडकते. ट्रान्सफर केस उघडायची का?

बावड्याचा_पाव्हणा
नमस्कार मंडळी. गाडी जुनी डिझेल जीप, लिव्हरवाली फोर बाय फोर. पुढच्या हबना फ्री व्हील नाही, फिक्स फ्लँज आहेत, म्हणजे पुढची चाकं एक्सलला कायम जोडलेली. शेत गगनबावडा रोडला असळजच्या वरच्या अंगाला. शेवटचा तुकडा तांबड्या मातीचा, पावसाळ्यात फोर हाय (चारी चाकं चालू) टाकल्याशिवाय चढत नाही. चढायची तक्रार नाही, नादखुळा चढते.

त्रास उतरल्यावर. डांबरीला लागलो की लिव्हर टू हायला (फक्त मागची दोन चालू) ओढतो. कधी ती जागची हलत नाही. कधी हलते, पण गाडी सुटत नाही. यू टर्न घेताना स्टेअरिंग जड होतं, पुढची चाकं तटतट उडत सरकतात, क्लच दाबला की गाडी जागेवर थांबते. मग थोडं पुढं गेल्यावर खालून ठक्क आवाज येतो आणि सगळं मोकळं. हे फक्त शेतावरून येताना व्हायचं तोवर चालवून घेतलं. आता कोरड्या दिवसांत, लिव्हर टू हायला असतानाही पार्किंगमध्ये गाडी वळवताना तसंच होतंय.

गॅरेजवाले म्हणतात ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) उतरवा, आतलं सगळं बदला. खर्चाचा आकडा ऐकून घरी अजून सांगितलेलं नाही. उघडायची का? की आधी काही बघायचं?

वडाप_किंग
आकडा घरी सांगू नका, गाडी विकल्यावर सांगा.

सायबर_चौक
डांबरीवर फोर व्हील लावूच नये, एवढं साधं आहे. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

बावड्याचा_पाव्हणा
@सायबर_चौक, डांबरीवर लावत नाही हो. काढायला गेलो तर निघत नाही, हाच प्रश्न आहे.

मृण्मयी_जिप्सी
दादा, ट्रान्सफर केसला हात लावायच्या आधी एक समजून घ्या. तुम्ही सांगताय त्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एक, फोर हायमधून लिव्हर निघत नाही. दोन, टू हायमध्येही गाडी अडकते. पहिली बऱ्याचदा काही मोडल्याशिवाय होते. दुसरी मात्र होता कामा नये.

पहिलीचं कारण असं. पार्ट टाइम फोर व्हीलमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळे फेरे घेऊ देणारा गिअरचा संच) नसतो. फोर हाय टाकली की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोघांचे फेरे सारखेच. पण वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा मोठ्या गोलात फिरतात. २.४ मीटर व्हीलबेसची गाडी घ्या आणि मागच्या एक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळतोय असं धरा. पुढच्या एक्सलचा मध्य साधारण साडेपाच मीटरने फिरतो. म्हणजे त्याच वळणात पुढच्यांना १०-११ टक्के जास्त अंतर कापायचंय आणि शाफ्ट तर बांधलेले. चिखलात टायर घसरून हा हिशेब मिटवतात. डांबर घसरू देत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे), क्राऊन-पिनियन (एक्सलमधले गिअर) आणि ट्रान्सफर केसच्या दातांत साठतो. दातांवर एवढा दाब असताना आतली स्लीव्ह (शाफ्ट जोडणारं-सोडणारं कडं) सरकणार कशी? म्हणून लिव्हर हलत नाही. तुमचा ठक्क आवाज म्हणजे तो पीळ सुटल्याचा.

उपाय: माती संपायच्या आधी, सैल जमिनीवर असतानाच, सरळ चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडून लिव्हर काढा. राहून गेलं आणि डांबरीवर अडकलात तर सरळ रेषेत थोडं रिव्हर्स या, पुन्हा पुढं, लिव्हरवर हलका हात ठेवून. नाहीतर एका बाजूची चाकं साइडपट्टीच्या मातीत घाला. लिव्हरवर लाथ मारायची नाही, फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) वाकतो.

उद्यमनगर_लेथ
ताईंनी बरोबर सांगितलंय. फक्त भर घालतो, जॅक लावून एक चाक उचललं तरी पीळ सुटतो, पण ते करू नका. उचलल्या क्षणी चाक झटक्यात फिरतं. हात जवळ असला तर कामातनं गेला.

ऊसवाला_शिरोळ
ट्रॅक्टरवाल्यांना हे सगळं पाठ हाय. फोर व्हील ट्रॅक्टरला पुढची चाकं मुद्दाम जराशी जास्त पळवतात, मागच्यापेक्षा १ ते ५ टक्के. शेतात ओढ चांगली बसते. डांबरीला ऊस भरलेल्या ट्रॉल्या घेऊन फोर व्हील चालू ठेवली तर पुढचे टायर पेन्सिलच्या खोडरबरासारखे झिजतात. आमच्याकडं कारखान्याच्या रस्त्याला अशी पोरं लई हायत. सांगितलं तर म्हणत्यात, काका, पॉवर जास्त मिळते.

तांबडा_पांढरा
काका, पॉवर मिळते हो, टायरवाल्याला मिळते.

सायबर_चौक
मग महागड्या गाड्यांत सगळी चाकं कायम चालू असतात, त्यांचं काय होत नाही?

मृण्मयी_जिप्सी
@सायबर_चौक, फुल टाइम फोर व्हीलमध्ये मध्ये तिसरा डिफरन्शियल असतो, तो पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळे फेरे घेऊ देतो. काही गाड्यांत डिफरन्शियलऐवजी क्लचची थाळी असते, ती गरजेपुरतीच पकडते, डस्टरची ऑल व्हील तशी होती. थार, जिम्नी, गुरखा, जिप्सी या सगळ्या पार्ट टाइम. नवी थार २०२० ची असली तरी या बाबतीत जुन्या जीपचीच नात.

वडाप_किंग
आमच्या वडापच्या (सीटवर पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या) जीपला मागची दोनच चाकं चालू असायची आणि आत माणसं मात्र फुल टाइम. टपावर पाच, मागं लोंबकळणारे वेगळे. वळणावर पीळ बसायचा तो माणसांच्या कमरेत.

पंचगंगा_काठ
😂 कंडक्टर "सरका की जरा" म्हणायचा, तो डिफरन्शियल.

उद्यमनगर_लेथ
चेष्टा बास. @बावड्याचा_पाव्हणा, आता दुसऱ्या तक्रारीकडं या. टू हायला पण अडकते, ह्याला कारणं बरीच हायत आणि स्वस्तातलं आधी बघायचं.

सगळ्यात आधी ब्रेक. टू हायमध्ये सरळ रस्त्याला थोडी चालवा, ब्रेक कमीत कमी वापरा, मग चारी ड्रमजवळ हात न्या (लावू नका, भाजंल). एखादाच जास्त तापला असंल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग गेलंय, फोर व्हीलचा काय संबंध नाही. त्यानंतर शाफ्टचे क्रॉस. एखादा क्रॉस एका दिशेनं जाम झालेला असला की वळताना नाही, तर सरळच थरथर होते. आणि स्लाइडिंग जोडाला ग्रीस आहे का बघा, कोरडा असला तर निघताना ठक्क करतो. म्हणजे ठक्क आवाज आला म्हणून दरवेळी पीळच असं नाही.

टायर सांगा. चारी एकाच मापाचे, एकाच झिजेचे आहेत का?

बावड्याचा_पाव्हणा
ब्रेक बघितले, चारी ड्रम सारखेच कोमट. क्रॉस गॅरेजवाल्याने ठीक म्हणून सांगितलेत. टायर... मागचे दोन यंदा नवीन टाकले, पुढचे जुने. साइज तीच आहे. त्यानं काय होतंय?

मृण्मयी_जिप्सी
होतंय. साइडवॉलवरची साइज बघू नका, चाक जमिनीवर किती चालतं ते बघा. सपाट फरशीवर चारी टायरमध्ये हवा सारखी भरा, टायरला आणि जमिनीला खडूची खूण करा, गाडी बरोबर एक फेरा ढकला, पुन्हा खूण, टेपने मोजा. माणसं आत बसलेली नकोत. पुढचं एक आणि मागचं एक मोजलं तरी अंदाज येतो.

बावड्याचा_पाव्हणा
मोजलं. मागचं २१७ सेंटिमीटर, पुढचं २१४. तीन सेंटिमीटरनं काय फरक पडणार?

उद्यमनगर_लेथ
हिशेब करा मालक. एक किलोमीटरला मागचं चाक ४६१ फेरे घेणार, पुढचं ४६७. साडेसहा फेऱ्यांचा फरक, तोही नाकासमोर सरळ जाताना. एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) ४.८८ असला तर शाफ्टच्या पातळीवर तो ३२ फेऱ्यांच्या आसपास जातो. कोरड्या डांबरीवर एक किलोमीटरसुद्धा लागत नाही, चार-दोनशे फुटांत लिव्हर धरली जाते.

त्यात तुमचं उलटं झालंय. वळताना पुढच्यांना जास्त फेरे लागतात आणि तुमचं पुढचंच चाक बारीक, म्हणजे आणखी जास्त फेरे. दोन्ही फरक एकाच दिशेला जोडले गेले.

ऊसवाला_शिरोळ
म्हणजे नवीन टायर पुढं आणि जुने मागं टाकले तर आमच्या ट्रॅक्टरसारखं होईल की. वळणावर बरं पडंल.

पंचगंगा_काठ
काका, वळणावर थोडं बरं, सरळ रस्त्याला तेवढंच वाईट. आणि झिजलेले टायर मागं ठेवले तर पावसात ब्रेक मारताना मागची बाजू फिरते. टायरवाले नवीन जोडी मागंच टाकायला सांगतात ते त्यासाठी, आणि ते चूक सांगत नाहीत. पार्ट टाइम फोर बाय फोरला खरं उत्तर एकच, चारी एकदम घ्यायचे आणि स्टेपनीसकट पाच चाकं फिरवत राहायची.

तांबडा_पांढरा
पाच टायरचं बिल मांडलं की माझा पण सगळा पीळ निघून जातो.

रानवाट_दाजीपूर
उशिरा आलोय. सगळे टायरवर गेले, पण धागाकर्त्याची दुसरी तक्रार तशीच राहिली. टायरमध्ये फरक असला तरी टू हायमध्ये गाडी अडकण्याचं कारण नाही, कारण तेव्हा पुढचा शाफ्ट मोकळा असायला पाहिजे. तो मोकळा नाही. उद्यमनगरवाल्यांनी टायर विचारले ते बरोबर, पण ते पहिल्या तक्रारीचं उत्तर झालं.

टू हायला लिव्हर ठेवून एक चाचणी करा. आधी पुढं-मागं करून पीळ काढून घ्या. सपाट जागा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. दोन्ही मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. पुढचं एकच चाक जॅकनं उचला आणि स्टँड द्या, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. तुमचे हब फिक्स आहेत, म्हणून ते चाक हातानं फिरवलं की पुढचा प्रॉपेलर शाफ्ट पण फिरला पाहिजे. चाक फिरतंय, शाफ्ट फिरतोय, म्हणजे ट्रान्सफर केस टू हायला खरंच आलीय. चाक थोडं मागं-पुढं होऊन अडतंय, म्हणजे पुढचा शाफ्ट अजून मागच्याला बांधलेला आहे, लिव्हर काहीही दाखवत असली तरी.

उद्यमनगर_लेथ
एकदम बरोबर. आणि त्याच टेस्टमध्ये रेशो पण मोजून घ्या. उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवलं, समोरचं चाक जमिनीवर गच्च, तर शाफ्ट जेवढे फेरे घेतो तो तुमचा रेशो. शाफ्टला खडूनं रेघ मारा. मग मागचं एक चाक उचलून तेच करा. पण जुन्या जीपला हँडब्रेक मागच्या शाफ्टवर असतो. तो सोडल्याशिवाय शाफ्ट फिरणार नाही, आणि ओढून ठेवला तरी मागचं चाक उचललेलं असताना गाडी थांबवत नाही, डिफरन्शियलमधून सरकते. म्हणून तेव्हा जमिनीवरच्या तिन्ही चाकांना दगड पाहिजेतच.

रेशो का मोजायचा सांगतो. माझ्या लेथवर एक जीप आलेली, मालकानं भंगारातनं पुढचा एक्सल आणून लावला. दिसायला डिट्टो. उघडला तर मागं क्राऊन ४३ दाती, पिनियन ८, आणि पुढं ३९ ला ८. म्हणजे मागं ५.३८ आणि पुढं ४.८८. दहा टक्के फरक. फोर व्हील टाकली की सरळ रस्त्याला गाडी उभी. त्यानं दोन ट्रान्सफर केस बदलल्या होत्या त्याच्या आधी.

वडाप_किंग
दोन? अरे देवा. तेवढ्यात दुसरी जीप आली असती.

कागलचा_नवा
माझी पुरात उभी होती २०१९ ला, तेव्हापासून फोर व्हील धरते. त्याचा काही संबंध?

पंचगंगा_काठ
आमच्याकडं शिरोळ-कुरुंदवाड पट्ट्यात २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरात गाड्या बुडाल्या. एक्सल आणि ट्रान्सफर केसला हवा जायला ब्रीदर असतो. गाडी पाण्यात राहिली की त्यातनं, सीलमधनं पाणी आत जातं. ड्रेन प्लग उघडून बघा, ऑइल पांढुरकं आलं तर पाणी आहे. पाण्यानं शिफ्टच्या दांड्याला गंज चढतो, मग लिव्हर घट्ट. ऑइल भरताना मात्र बघून भरा, गिअरवाल्या ट्रान्सफर केसला नव्वद नंबरचं जाड, पण चेनवाल्यांपैकी काहींना ऑटोमॅटिक गिअरचं पातळ ऑइल लागतं. सगळ्यांत एकच डबा ओतणारे मिस्त्री बघितलेत.

मृण्मयी_जिप्सी
@कागलचा_नवा, तुमची गाडी कुठली, लिव्हरची की बटणाची? बटणाची असेल तर शिफ्ट मोटर आणि तिची वायरिंग आधी. हब व्हॅक्यूमवर चालत असतील तर त्यांच्या नळ्या. काही जुन्या ऑटो हबना टू हाय केल्यावर थोडं रिव्हर्स घेतल्याशिवाय हब सुटत नाही, तेही बिघाड समजून लोक गॅरेज गाठतात.

सायबर_चौक
एवढं सगळं घरी करण्यापेक्षा गॅरेजला द्यायची. ज्याचं काम त्यानं करावं.

रानवाट_दाजीपूर
@सायबर_चौक, गॅरेजलाच द्यायची. पण खडू आणि टेपचा निकाल हातात घेऊन द्यायची. ट्रान्सफर केस उतरवली की मजुरी ठरलेली, आत काही निघो न निघो.

उद्यमनगर_लेथ
ह्याला माझा विरोध नोंदवा 🙂 टू हायला पुढचा शाफ्ट बांधलेला निघाला तर बऱ्याचदा फोर्क किंवा स्लीव्हच असते, आणि ते उघडल्याशिवाय कळत नाही. मिस्त्री खोटं बोलतोय असं समजून जाऊ नका.

बावड्याचा_पाव्हणा
मंडळी, रविवारी सगळं केलं. मदतीला शेजारचे भाऊ आणि सल्ला द्यायला अख्खी गल्ली.

रेशो पुढं-मागं सारखा, दोन फेऱ्यांना शाफ्टचे पाचला थोडे कमी फेरे. म्हणजे एक्सल अदलाबदलीचं भूत गेलं.

पण टू हायला ठेवून पुढचं चाक उचललं तर चाक अडलं. शाफ्टची इंचभर हालचाल, बस. म्हणजे टू हाय खोटी. मग भाऊ खाली गेले आणि ट्रान्सफर केसवरचा शिफ्टचा दांडा हातानं मागं दाबला. टक्. अजून थोडा सरकला, चाक मोकळं, शाफ्ट फिरायला लागला. वर लिव्हर मात्र तेवढीच हलली आणि जमिनीच्या पत्र्याच्या कडेला टेकली. तिथं पत्र्याला चकाकी आलीय, लिव्हर रोज घासत होती. लिव्हर पूर्ण जातच नव्हती.

रानवाट_दाजीपूर
गिअरबॉक्सचं मागचं माउंटिंग बघा. रबर बसलं असणार. गिअरबॉक्स-ट्रान्सफर केस खाली आली की लिव्हर कलते, पण पत्र्यातलं भोक आहे तिथंच राहतं.

बावड्याचा_पाव्हणा
बसलंय. बसलंय म्हणजे रबर उरलंच नाही, पत्र्यावर पत्रा आहे.

उद्यमनगर_लेथ
विरोध मागे. पण माउंटिंग टाकल्यावर लिव्हरची लिंक पण नव्यानं सेट करून घ्या, नाहीतर आता उलटीकडं कमी पडंल, फोर लो (चारी चाकांचा हळू, जोराचा गिअर) पूर्ण बसणार नाही. फोर हायला लिव्हर सोडल्यावर आपोआप बाहेर येत नाही ना, तेही चढावर तपासा. अर्धवट दातांवर बरेच दिवस चाललीय, स्लीव्हच्या कडा गोल झाल्या असतील. तसं झालं असंल तर मग मात्र उघडावीच लागंल.

वडाप_किंग
पत्र्याचं भोक कापून मोठं केलं असतं तर माउंटिंगचे पैसे वाचले असते.

मृण्मयी_जिप्सी
आणि गिअरबॉक्स लोंबकळत ठेवली असती तर शाफ्टचा कोन बिघडून क्रॉस गेले असते. दादा, यांचं ऐकू नका.

वडाप_किंग
ताई, आमचा धंदाच त्याच्यावर चालायचा.

बावड्याचा_पाव्हणा
माउंटिंग टाकलं, लिंक सेट केली. पार्किंगमध्ये टू हायला गाडी हलकी वळते, उड्या नाहीत. चढावर फोर हाय टिकते. चिखलात लावून मातीतच काढली, लिव्हर बोटानं निघाली. एकदा मुद्दाम डांबरीला लागल्यावर काढून बघितली, तेव्हा थोडी धरली, रिव्हर्स घेतल्यावर निघाली. ते टायरचं असणार. ट्रान्सफर केसचं ऑइल उपसून बघितलं, लोखंडाचा चुरा नाही, ड्रेन प्लगला बारीक काळा लेप होता तेवढाच.

टायर मात्र लगेच चार घेणं जमत नाही. तोवर पुढच्यांत हवा वाढवून माप जुळवावं का?

पंचगंगा_काठ
हवेनं दोन-चार मिलिमीटर सरकेल, तीन सेंटिमीटर नाही. कंपनीनं दिलेल्या दाबावरच ठेवा. तोवर फोर व्हील फक्त सैल मातीत, आणि डांबर दिसायच्या आधी बाहेर.

ऊसवाला_शिरोळ
पुढच्या हंगामात ऊस गेला की चार टायर घ्या. तोवर शेतावर येताना आम्हाला हाक मारा, ट्रॅक्टरनं वर ओढतो. फोर व्हील बंद करूनच.

कागलचा_नवा
माझं राहिलं. लिव्हरचीच आहे, ऑइल पांढुरकं निघालं. आता काय करू?

मृण्मयी_जिप्सी
@कागलचा_नवा, सगळं ऑइल काढा, स्वस्तातलं भरून थोडी चालवा, पुन्हा काढा, मग चांगलं भरा. दोन्ही एक्सलचंही तपासा, आणि ब्रीदरच्या नळ्या उंचावर घ्या. बाकीच्यासाठी वेगळा धागा काढा, फोटोसकट. इथं पान संपत आलंय.